लष्करी व्यायामाच्या वस्तू : काय ठेवावं, कसं ओळखावं, पावसाळ्यात कसं जपावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका माजी सैनिक संघटनेला दोन खोल्या मिळाल्या आहेत. जुन्या जवानांच्या घरांतून आणि बंद पडलेल्या एका व्यायामशाळेतून लष्करी पीटीच्या आणि खेळांच्या वस्तू जमल्या आहेत: मुद्गल, चामडी मेडिसिन बॉल (व्यायामाचा भरीव, जड चेंडू), बॉक्सिंगचे ग्लव्हज, बनियन, ब्लेझर, चषक, गटाचे फोटो, दोन-तीन पेट्या कागद. यातलं काय ठेवायचं, ओळखायचं कसं, टिकवायचं कसं आणि मांडायचं कसं?

आधी काय करू नये ते सांगतो. चषक ब्रासोने घासू नका. लाकडी घोड्याला (उड्या मारायचं, वर चामडं चढवलेलं साधन) पॉलिश मारू नका. बनियन धुऊ नका. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. उद्घाटनाची तारीख ठरली की उत्साहाच्या भरात नेमकी हीच चार कामं उरकली जातात, आणि चारही परत फिरवता येत नाहीत. घोड्याच्या चामड्यावर हात टेकून टेकून गुळगुळीत झालेल्या जागा, मुद्गलाच्या मुठीवरचा घामाचा काळपट थर, ग्लव्हजच्या अंगठ्याला जवानाने स्वतः घातलेला टाका हीच या वस्तूंची नोंदवही आहे. ती पुसली तर उरतं ते दुकानातलं जुनं सामान.

ओळख पटवायला इतिहासाचे चार-पाच टप्पे माहीत हवेत. या विषयाचं सर्वांत जुळवलेलं संग्रहालय इंग्लंडमध्ये ऑल्डरशॉटला आहे, रॉयल आर्मी फिजिकल ट्रेनिंग कोअरचं, म्हणजे ब्रिटिश सैन्यातल्या पीटी शिक्षकांच्या दलाचं. भारतातल्या छावण्यांत पीटीचं सामान आणि शिकवण्याच्या पद्धती बऱ्याच अंशी तिकडूनच आल्या, त्यामुळे तिथला कालक्रम आपल्यालाही लागू पडतो. क्रिमियन युद्धानंतर सैनिकांच्या शारीरिक अवस्थेबद्दल ओरड झाली. १८६० मध्ये मेजर फ्रेडरिक हॅमर्स्ली आणि बारा नॉन-कमिशन्ड अधिकारी ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांच्या व्यायामशाळेत शिकायला गेले. या बाराजणांना पुढे 'बारा प्रेषित' म्हणू लागले. मॅक्लारेन प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर छाती, दंड, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात आणि वजन मोजून ठेवायचे. म्हणून या काळाच्या पद्धतीत साधनं दणकट आहेत (पॅरलल बार, हॉरिझॉन्टल बार, दोर, शिड्या, डंबेल) आणि सोबत मापांचे तक्ते आहेत. तुमच्या पेटीत छाती-दंडाच्या मापांचा छापील तक्ता निघाला तर तो कागद चषकापेक्षा मोलाचा समजा.

दुसरा टप्पा कर्नल जॉर्ज माल्कम फॉक्स यांचा. त्यांच्या नावाची व्यायामशाळा ऑल्डरशॉटला १८९४ मध्ये उभी राहिली. त्यांचा ओढा तलवारबाजीकडे, त्यातही इटालियन पद्धतीकडे होता. या काळाच्या खुणा म्हणजे फॉइल (सरावाची बारीक, बोथट तलवार), जाळीचे मुखवटे, अ‍ॅशच्या लाकडाची वेताची मूठ असलेली काठी आणि स्प्रिंगची संगीन असलेली सरावाची बंदूक. तिसरा टप्पा स्वीडिश पद्धतीचा. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था काढली होती. ब्रिटिश सैन्याने ती पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उचलली. भिंतीला लावलेले आडवे बार, वर-खाली सरकणारा बीम, एकावर एक चौकटी रचलेला व्हॉल्टिंग बॉक्स, आणि आकड्यांच्या हुकुमावर सगळ्यांनी एकदम करायचे हात-पायांचे प्रकार, हे सगळं लिंगचं. पहिल्या महायुद्धात कर्नल रोनाल्ड कॅम्पबेल यांनी संगिनीच्या सरावाला वेगळंच वळण दिलं, आणि खेळ व शर्यती पीटीचा भाग झाल्या. या पीटी शिक्षकांच्या दलाला आधी जिम्नॅस्टिक स्टाफ म्हणत; १९१८ मध्ये त्याचं नाव फिजिकल ट्रेनिंग स्टाफ झालं, १९४० मध्ये कोअर झाली, २०१० मध्ये तिला 'रॉयल' जोडलं गेलं. नावपट्टीवर यातलं कुठलं नाव आहे यावरून वस्तूचा काळ बऱ्यापैकी बांधता येतो.

एक वस्तू हमखास चुकीच्या नावाने नोंदली जाते. सुमारे पाच फुटांची साधी काठी, एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला चिंध्या किंवा काथ्या भरलेली गुंडाळी. लोक तिला झेंड्याची काठी समजतात. ती संगिनीच्या सरावाची काठी आहे. उस्ताद कडी पुढे करायचा आणि जवान त्या कडीतून संगीन भोसकायचा. मग उस्ताद गुंडाळीच्या टोकाने वार करायचा आणि जवान तो अडवायचा. कडीच्या आतल्या बाजूला ओरखडे आहेत का पाहा. असले तर ओळख पक्की.

मुद्गलांच्या बाबतीत आपल्याकडे वेगळाच घोळ होतो. भारतातल्या तालमींतलं हे साधन एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या सैन्यामार्फत इंग्लंडला गेलं, तिथे हलकं आणि सडपातळ झालं, 'इंडियन क्लब' या नावाने ड्रिलमध्ये शिरलं आणि पुन्हा आपल्याच छावण्यांत परत आलं. त्यामुळे एका पेटीत दोन्ही घराण्यांचे नमुने सापडतात. ड्रिलचा क्लब दीड-दोन पौंडांपासून सुरू होतो. त्याची मान बारीक, टोकाला छोटी गोल मूठ, आणि जोडीतल्या दोघांचं वजन जवळपास सारखं असतं. तालमीतला मुद्गल त्याच्या कितीतरी पट जड, खाली रुंद आणि स्थानिक सुताराच्या हातचा असतो. तराजूवर ठेवून ग्रॅमपर्यंत वजन लिहा. दोन्ही ठेवा, पण एका शीर्षकाखाली नको. लाल मातीतली तालीम आणि परेड ग्राउंड यांतला फरक पाहणाऱ्याला दिसला पाहिजे.

मालकीच्या खुणा शोधायला आडवा प्रकाश लागतो. खोली अंधारी करून मोबाइलची टॉर्च पृष्ठभागाला जवळपास समांतर धरा. बोथट झालेले ठसे उठून दिसतात. नुसत्या रुंद फाळाच्या बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल; बाणासोबत रोमन 'आय' असेल तर भारतातल्या लष्करी भांडाराचा. बिल्ल्यावर दोन तलवारी एकमेकींना छेदत असतील तर तो पीटी उस्तादाचा. वरचा मुकुट नीट पाहा: व्हिक्टोरियाचा मुकुट १९०१ पर्यंतचा, ट्यूडर मुकुट त्यानंतर १९५२ पर्यंतचा. आपल्याकडे १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. हॉकी स्टिकवर किंवा चेंडूवर सियालकोटच्या कारखान्याचा शिक्का असेल तर ती वस्तू बहुधा फाळणीपूर्वीची. १९४७ नंतर तिथले बरेच हिंदू कारागीर आणि व्यापारी जालंधर, मेरठला आले आणि शिक्क्यांवरची गावं बदलली. ध्यानचंद १९२२ मध्ये सैन्यात भरती झाले आणि १९२६ मध्ये भारतीय सैन्याच्या संघातून न्यूझीलंडला गेले. त्या काळातल्या पलटणींच्या हॉकीची साधी, अनामिक स्टिकसुद्धा म्हणूनच ठेवण्यासारखी आहे. मात्र 'ही ध्यानचंदांचीच' असं देणाऱ्याने सांगितलं तर ते त्याच्या नावाने, त्याच्या शब्दांत नोंदवहीत लिहा. पाटीवर पुराव्याशिवाय लिहू नका.

काय ठेवायचं? नियम कडक ठेवा, नाहीतर दोन वर्षांत दोन्ही खोल्या चषकांनी भरतील. चषक या संग्रहातली सगळ्यांत कमी बोलणारी वस्तू आहे. नावं, वर्षं, स्पर्धा उतरवून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि दहातले दोन ठेवा. निवडताना फिरत्या चषकाला आणि ढालीला पसंती द्या. तिच्यावरच्या छोट्या पट्ट्यांत वर्षांची साखळी असते आणि साखळीतली रिकामी जागा (१९४० ते ४५, १९६२, १९६५, १९७१) स्वतःच बोलते. उलट साधं सरावाचं सामान, हाजिरीपट, स्कोअर कार्ड, उस्तादाची हाताने लिहिलेली धड्याची वही हे सगळं घ्या. पाच किलोमीटर धावणे, साठ मीटर स्प्रिंट, उभा दोर, आडवा दोर, नऊ फुटी खंदक अशा रकान्यांचं बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्टचं (जवानांच्या शारीरिक क्षमतेची लष्करी चाचणी) जुनं कार्ड कुणाकडे असेल तर ते मागून घ्या. अशी कार्डं लोक फेकून देतात.

घेताना प्रत्येक वस्तूमागे एक पान भरून घ्या: देणाऱ्याचं नाव, युनिट, साल, वस्तू कोणी, कुठे, कशासाठी वापरली, वजनी गट किंवा वेळ, आणि ती कायमची दिली की उसनी. सही दोघांची. उसनी वस्तू शक्यतो घेऊच नका. दहा वर्षांनी वारस बदलतात आणि भांडणं सुरू होतात. वैद्यकीय श्रेणी, सेवा क्रमांक असलेले कागद जिवंत माणसांचे असतील तर बंद पेटीत ठेवा, मांडणीत नको. छावणीच्या आतल्या भागांचे फोटो लावण्याआधी संबंधित युनिटला विचारा.

क्रमांक २०२५.१४.३ असा द्या: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्यातली कितवी वस्तू. लाकडावर आणि धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात ती पारदर्शक राळ) या पदार्थाचा अ‍ॅसिटोनमधला १५-२० टक्के द्राव ब्रशने बोटभर जागेत लावा, सुकल्यावर वर शाईने क्रमांक आणि त्यावर पुन्हा तोच थर. रबर, प्लास्टिक, रंगवलेला भाग यांवर हे चालत नाही, अ‍ॅसिटोन त्यांना विरघळवतं; तिथे सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. कपड्यांना सुती पट्टीवर क्रमांक लिहून दोन-तीन सैल टाके घाला. फोटोंच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

नवीन आलेली कुठलीही वस्तू थेट संग्रहात नेऊ नका. पांढऱ्या कागदावर ठेवून कागदासकट पारदर्शक पॉलिथिन पिशवीत बांधा आणि निदान दोन आठवडे वेगळ्या जागी ठेवा. कागदावर बारीक पीठ पडलं तर लाकडात भुंगा जिवंत आहे. जाळीदार कोष किंवा केसाळ अळी दिसली तर लोकरीत कसर. उपाय डीप फ्रीझरचा. वस्तू मलमलीत गुंडाळा, जाड पॉलिथिनमध्ये घालून हवा काढून चिकटपट्टीने सील करा आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव थेट वस्तूवर धरेल. लोकरी ब्लेझर आणि साधं लाकूड यांना हे चालतं. रबर, रंगवलेलं लाकूड आणि काचेच्या निगेटिव्हना नको. डांबरगोळ्यांनी कसर पुरती मरत नाही, प्लास्टिकची बटणं मात्र मऊ पडतात. आणि जुन्या लोकरी कपड्यांवर किंवा ग्लव्हजमध्ये पांढरी पूड दिसली तर ती टाल्कम समजून झटकू नका. लष्करी भांडारांत डीडीटी सर्रास वापरायचे. हातमोजे आणि मास्क घाला, पूड उडू देऊ नका आणि पेटीवर तशी सूचना चिकटवा.

चामड्याला सगळ्यात जास्त त्रास प्रेमाने होतो. मेडिसिन बॉल कोरडा दिसला की लोक तेल चोळतात. तेल धूळ धरतं, शिवणीतला दोरा कुजवतं आणि काही वर्षांत वर चिकट काळा थर येतो. बोट लावल्यावर विटकरी पूड लागत असेल तर चामड्यात आम्ल वाढून ते आतून सुटत चाललंय. याला उपाय नाही, फक्त थोपवता येतं. क्लुसेल-जी (चामडं घट्ट धरणारी सेल्युलोजची पूड) १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम विरघळवून मऊ ब्रशने एक हात द्या आणि तेही आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहून. वर पांढरा थर आला तर तो बुरशीचा की चामड्यातल्या चरबीचा हे आधी ठरवा. हेअर ड्रायर लांबून, सौम्य उष्णतेवर क्षणभर धरा. वितळला तर चरबी, तसाच राहिला तर बुरशी. पितळी रिंगांभोवतीचा हिरवा मेणचट थर लाकडी टूथपिकने काढा, लोखंडी टोकाने नको.

ग्लव्हज, फुटबॉल आणि मेडिसिन बॉल यांचा आकार बसतो तेव्हा आत चिंध्या कोंबून फुगवू नका. मूळ भरण, म्हणजे घोड्याचे केस, काथ्या, चिंध्या, हाच पुरावा असतो. फाटलेल्या शिवणीतून ते दिसत असेल तर त्याचा फोटो काढा, मग भोक मलमलीने झाका. फुटबॉलमधला रबरी ब्लॅडर फुगवण्याचा मोह तर अजिबात नको. कडक झालेलं रबर पहिल्याच पंपाला फुटतं आणि सोबत चामड्याची वादी तोडतं.

रबराबद्दल आणखी एक गोष्ट, कारण नुकसान इथेच होतं आणि कळतही नाही. कॅनव्हासचे पीटी शूज आणि चांदीचे चषक एका कपाटात ठेवले तर एका पावसाळ्यात चषक काळे पडतात. रबरातून गंधकाचे वायू सुटतात. लोकरीची फेल्ट कपाटाला लावली तरी तेच होतं, रबर बँडने गुंडाळलं तर जिथे बँड तिथे काळी रेघ. म्हणून रबर वेगळ्या कपाटात, चांदी झिपच्या पॉलिथिन पिशवीत, आम्लरहित कागदात. वर्तमानपत्रात नको. १९८० नंतरच्या धावण्याच्या बुटांचे फोमचे तळवे दमट हवेत आपोआप चुरगळतात. ते थांबत नाही, म्हणून नवे असतानाच मापं आणि फोटो घ्या. टेबल टेनिसचे जुने चेंडू सेल्युलॉइडचे, म्हणजे ज्वलनशील आणि आम्लाची वाफ सोडणारे. ते सच्छिद्र कागदी डब्यात, इतरांपासून दूर.

चांदी घासायचीच असेल तर वर्षातून नाही, दहा वर्षांतून एकदा. बहुतेक चषक चांदीचा मुलामा दिलेले असतात. प्रत्येक घासणीत मुलामा आणि कोरलेली नावं दोन्ही जातात. रसायनांच्या दुकानात मिळणारी कॅल्शियम कार्बोनेटची अतिबारीक पूड डिस्टिल्ड पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवा. फळ्याचा खडू नको, तो जिप्समचा असतो. लाकडी बैठकीवरच्या पट्ट्या काढायच्या नाहीत आणि पेस्ट खिळ्यांखाली जाऊ द्यायची नाही.

कपडे सपाट ठेवा. विणलेला स्वेटर हँगरवर वर्षभरात लांबतो. घड्यांमध्ये आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या हव्यात. बजेट नसेल तर अनेकदा धुतलेली जुनी मलमल उत्तम. कोरी मलमल चालणार नाही, तिच्यातली खळ किड्यांना बोलावते. छातीवरच्या नंबरच्या कापडाला गंजलेली पिन असेल तर काढा, पण पिन फेकू नका. छोट्या पिशवीत त्याच क्रमांकाने ठेवा. घामाचे डाग जसेच्या तसे राहू द्या.

स्प्रिंगची संगीन असलेली बंदूक आली तर नळी दाबून पाहू नका. अडकलेली स्प्रिंग अचानक सुटली की दांडा जोरात बाहेर येतो. टोक भिंतीकडे ठेवा आणि स्प्रिंग जाणकाराकडून सैल करून घ्या. शर्यतीचं पिस्तूल, नेमबाजीची रायफल, खरी संगीन यांपैकी काही असेल तर स्वीकारण्यापूर्वी पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेतून लेखी घ्या. 'निकामी आहे' हे देणाऱ्याचं तोंडी सांगणं पुरत नाही.

मांडणीत दोर, घोडा आणि बार यांच्याकडे पोरं धावणारच. काथ्याचा जुना दोर बाहेरून धड दिसतो आणि आत पूड झालेला असतो. मूळ दोर मोठ्या वेटोळ्यात आडवा ठेवा, खिळ्याला टांगू नका. हाताळायला नवा दोर, नवे दोन पौंडी क्लब आणि संगिनीच्या काठीची नक्कल सुताराकडून करून घ्या आणि त्यावर 'नक्कल' असं ठळक लिहा. कपडे आणि रंगीत फोटोंवर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, चामडं-लाकूड यांना दीडशे ते दोनशेपर्यंत चालतो. खिडकीवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा आणि ब्लेझर चार महिन्यांनी बदलत राहा.

पाटी चाळीस-पन्नास शब्दांची, आणि तिच्यात निदान एक आकडा हवा. 'महान खेळाडू' या शब्दांपेक्षा आकडा जास्त काम करतो. मुरलीकांत पेटकर यांच्याबद्दल लिहायचं तर एवढं पुरेसं आहे: सांगली जिल्ह्यातले, ईएमईचे (सैन्याचं यंत्र-दुरुस्तीचं दल) जवान आणि मुष्टियोद्धे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, सुवर्ण. विशेषण एकही नाही. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून आहे आणि आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगही पुण्यातच आहे. ओळख पटत नसलेल्या सामानाचे फोटो तिथे किंवा जवळच्या रेजिमेंटल सेंटरला पाठवून पाहा. निवृत्त पीटी उस्तादाला वस्तूसमोर बसवून तासभर ध्वनिमुद्रण केलंत तर ते बहुतेक पुस्तकांपेक्षा पुढचं असेल. 'हे काय आहे' असं विचारू नका. 'हे हातात घेऊन दाखवा' म्हणा, अर्थात नक्कल हातात देऊन.

आता हवामान. पुण्यासारख्या ठिकाणी एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांखाली आणि जुलैत ८५ च्या वर जाते. कोकणात पावसाळा त्याहून कठीण. तुम्हाला ४५ ते ६० च्या दरम्यान राहायचं आहे, पण आकड्यापेक्षा चढउतार कमी असणं महत्त्वाचं. ६५ ओलांडून काही दिवस गेले की बुरशी धरते. लोखंडी कपाटं बाहेरच्या भिंतीपासून १० सेंटिमीटर आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. प्लायवूडची नवी कपाटं नकोत, त्यांतून आम्लाची आणि फॉर्मल्डिहाइडची वाफ येते. नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) फक्त हवाबंद डब्यातल्या पदकांसाठी. चामडं आणि लाकडासोबत ठेवलं तर ती जास्त सुकून तडकतात. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) प्रत्येक खोलीत, आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत.

मोठी तपासणी वर्षातून दोनदा पुरे: मेच्या शेवटी, म्हणजे गळतीची कौलं, खिडक्यांची रबरं आणि भिंतीच्या पायाशी वाळवीची मातीची नळी आधीच सापडते, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस ओसरल्यावर. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक चामडी वस्तू उलटी करून पाहायची. बुरशी नेहमी मागच्या, अंधाऱ्या बाजूने सुरू होते. सापडली तर वस्तू पिशवीत घालून बाहेर न्या, सावलीत आणि वाऱ्यात सुकू द्या, मगच मऊ ब्रशने व्हॅक्यूमच्या तोंडाशी झटका. ओली असताना पुसलीत तर ती चामड्यात आणखी खोल जाईल.